"मेस काढून टाकली तरी लेख तसाच राहतो": अर्थशास्त्राच्या असाइनमेंटसाठी मदत हवी आहे

झुळूक_०७ | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची बार्शीची, पुण्यात बीएच्या पहिल्या वर्षाला आहे. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. सूक्ष्म अर्थशास्त्राची असाइनमेंट होती: आजूबाजूची एखादी खरी गोष्ट घ्या आणि वर्गात शिकलेल्या किमान दोन संकल्पना लावून ती समजावून सांगा. आठशे शब्द. मी आमच्या मेसवर लिहिलं. पहिल्या पोळीला भूक जास्त म्हणून उपयोगिता जास्त, दुसरीची त्याहून कमी, पाचवीची शून्य, सहावीची ऋण. हा घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत. मग मेसचा दर वाढला तर मुली दुसरीकडे जातील, हा मागणीचा नियम. कोष्टक काढलं, वक्र काढला, नीट रंगवला.

मॅडमनी परत दिलं. लाल पेनाने एवढंच लिहिलंय: "संकल्पना बरोबर आहेत. पण यातून मेस काढून टाकली तरी लेख तसाच राहतो. पुन्हा लिही."

तो शेरा डोक्यातून जातच नाहीये. बारावीला मला अर्थशास्त्रात ९१ होते. व्याख्या, गृहीतके, अपवाद, सगळं पाठ आहे. पण संकल्पना "लावायची" म्हणजे नेमकं काय करायचं? पुढच्या बुधवारपर्यंत वेळ आहे.

पेठकर | सोमवार, रात्री ९.२५

मॅडम चांगल्या मिळाल्यात तुला. तो कागद जपून ठेव.

खडूफळा | सोमवार, रात्री १०.०५

मी तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात हाच विषय शिकवला. तुझ्या मॅडमना काय म्हणायचं असेल ते माझ्या पद्धतीने सांगतो.

पुस्तकात एखादं फळ असतं, तू त्या जागी पोळी ठेवलीस. पोळीच्या जागी उद्या वडापाव ठेवला तरी वाक्य बदलणार नाही. पण तू त्या मेसमध्ये रोज दोन वेळा जातेस. पुस्तकाला माहीत नाही असं तुला तिथे काय दिसतं? पोळीमागे पैसे न घेता महिन्याचे एकदम का घेतात? खाड्याचा नियम काय आहे, आणि तो तसाच का आहे? पुढची पोळी तुला फुकट आहे, करणाऱ्याला नाही. तू पोट भरेपर्यंत खाणार हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, तरी धंदा चालतो. कसा चालतो? आधी असा एखादा प्रश्न पकड, संकल्पनेचं नाव मागाहून येऊ दे.

शेकडो प्रकल्प तपासले, त्यातला एक अजून आठवतो. मुलाचे वडील मार्केट यार्डात हमाल होते. त्याने दसऱ्याचा झेंडू घेतला. आदल्या दिवशी पहाटेचा भाव, दुपारचा भाव, रात्रीचा भाव, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी रस्त्याकडेला टाकून दिलेले ढीग. त्याने लिहिलं की झेंडू साठवता येत नाही, आलेला माल त्या दिवशी विकावाच लागतो, म्हणून त्या दिवसापुरता पुरवठ्याचा वक्र उभा असतो आणि भाव फक्त मागणीवर हलतो. इथपर्यंत हुशार मुलगा कुणीही लिहील. पुढे एक ओळ होती: "पण बाबांची हमाली गोणीवर असते, भावावर नसते. झेंडू शंभराला गेला काय आणि दहाला आला काय, त्यांना तेवढेच मिळतात." त्या ओळीवर माझा पेन थांबला होता. ती ओळ त्याच्याशिवाय वर्गात कुणीच लिहू शकलं नसतं.

तळ्यातमळ्यात | सोमवार, रात्री १०.३०

आमची मेस रविवारी संध्याकाळी बंद, म्हणून दुपारीच दोन्ही वेळचं जेवायचो आम्ही. काकूंना ते माहीत. त्या दिवशी आधी बटाट्याची भजी, मग मसालेभात. पोळीपर्यंत पोचेस्तोवर पोट गच्च. सिद्धांत काकूंना आमच्याआधी कळला होता!

चुलीपाशी | मंगळवार, सकाळी ११.४०

मी नारायण पेठेत चौदा वर्षं खानावळ चालवली, आता बंद केली. सरांनी विचारलंय धंदा कसा चालतो, तर लिहिते.

साठ मेंबर असले तरी साठ जण एका वेळी कधीच जेवायला येत नाहीत. शनिवार-रविवार जवळच्या गावची मुलं घरी जातात. कुणाचा गुरुवार असतो, कुणाची चतुर्थी. परीक्षा संपली की निम्मी गायब. कणीक किती भिजवायची हा रोजचा अंदाज, आणि तो चुकला की एकतर पोळ्या उरतात नाहीतर मुलं ताटावर खोळंबतात. खाड्याचा नियम त्यापायीच होता: आदल्या दिवशी सांगायचं, सलग तीन दिवस असतील तरच पैसे वजा. एकेका दिवसाचे पैसे सोडले असते तर माझे हात बांधले गेले असते. जेवायला चाळीस आले काय नि साठ आले काय, जागेची घरपट्टी, पोळ्यावाल्या मावशींचा पगार, पाण्याचा टँकर हे तेवढंच राहतं.

आता दराचं. व्यावसायिक सिलिंडरचा भाव दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, तेल आणि डाळ तर आठवड्याला. मी दर वर्षातून एकदाच बदलायची, जूनमध्ये. मध्येच वाढवला तर मुलं घरी फोन करणार, तिकडे आईबाप काळजीत. शिवाय समोरची खानावळ शंभर रुपयांनी कमी. एका वर्षी तेल फार चढलं तेव्हा मी वाटी बदलली. रविवार पेठेतून साठ नव्या वाट्या आणल्या. वरून तेवढ्याच रुंद, बूड जरा वर. भाजी तीच, दर तोच, वाटी मात्र लवकर रिकामी व्हायची. एकाही मुलाने विचारलं नाही. कळलं नसेल किंवा कळूनही बोलले नसतील. मला ते तेव्हाही खटकायचं, अजूनही खटकतं.

किलोवॅट | मंगळवार, दुपारी १२.१५

काकू, प्रतिसाद फार आवडला. वाखूसा (वाचनखूण साठवली).

पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचं हेच. पाचचं नाणं ठरलेलं, भाव हलवता येत नाही, मग पुड्यातलं वजन घटतं. झुळूक, तुझा प्रश्न इथेच सापडला बघ: भाव हलत नाही तेव्हा दुसरं काय हलतं?

नदीकाठ | मंगळवार, दुपारी १.५०

सगळ्यांशी सहमत, पण एक गोष्ट टोचतेय. काकूंनी मावशींचा पगार लिहिला, घरपट्टी लिहिली. स्वतःची मजुरी कुठेच नाही लिहिली. पहाटे पाचला उठून रात्री अकराला भांडी आवरणाऱ्या बाईच्या कामाला हिशेबात जागा नसेल, तर "दर परवडतो" हे वाक्यच खरं नाही. अर्थशास्त्राच्या वर्गात पोळीची उपयोगिता मोजतात, ती लाटणारीचे तास कुणी मोजत नाही. मुलीने हेही बघावं असं मला मनापासून वाटतं.

चुलीपाशी | मंगळवार, दुपारी ३.१०

नदीकाठ, खरं आहे. जागा सासऱ्यांची, म्हणून भाडं नाही. माझा पगार नाही. महिनाअखेरी हातात उरायचे त्याला आम्ही नफा म्हणायचो. बंद केल्यावर ती खोली भाड्याने दिली तेव्हा नुसत्या भाड्याचेच जवळजवळ तेवढे यायला लागले. त्या दिवशी मी बराच वेळ गप्प बसून होते.

खडूफळा | मंगळवार, दुपारी ३.४०

वहिनी, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. वहीतला नफा आणि आर्थिक नफा यांतला फरक मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला. स्वतःची जागा, स्वतःचे श्रम यांचा अव्यक्त खर्च वजा केला तर उरतं ते शून्य किंवा उणेही असू शकतं, असं सांगायचो. मुलं उतरवून घ्यायची. आता कुणी विचारलं तर तुमची खोली सांगेन.

रांगडा | मंगळवार, रात्री ८.२०

थोडं अवांतर, पण सर, तुम्ही झेंडूचा प्रकल्प सांगितलात, तसं मुलं कांद्यावर प्रकल्प करतात त्यावर मला बोलायचंय. माझं गाव चाकणजवळ, घरी कांदा असतो.

शहरातली मुलं दोन रेघा फुलीसारख्या काढतात, भाव वर गेला, मागणी खाली आली, संपलं. कांदा असा चालत नाही. खरिपाचा लाल, मग रांगडा, मग रब्बीचा उन्हाळ. उन्हाळ कांदाच तेवढा टिकतो, तो कांदाचाळीत भरून पावसाळाभर थोडा थोडा काढायचा, त्यातही वजन घटतं, सड लागते. लावायचा निर्णय आज, भाव हातात येणार चार-पाच महिन्यांनी. मग माणूस मागच्या वर्षीचा भाव बघून लावतो. सगळेच तसं करतात, म्हणून चांगल्या वर्षामागून पडेल वर्ष येतं. याला कोळ्याच्या जाळ्याचं (कॉबवेब) नाव आहे, अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये दिलेलं. वक्रावर ती रेघ खरोखर जाळ्यासारखी गोल गोल फिरते. आणि नियमातलं "इतर परिस्थिती कायम असताना" म्हणाल, तर कांद्यावर डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली ती मे २०२४ मध्ये उठली. ज्यांनी त्याआधीच रोपं टाकली होती त्यांनी काय करायचं?

एक गोष्ट मुलांनी शेतावर येऊन बघावी. भाव फार पडला की काही जण उभ्या कांद्यात रोटाव्हेटर फिरवतात. बातमी बघणाऱ्याला वाटतं, वेडे आहेत, मिळेल ते घ्यायचं होतं. पण बी, खत, पाणी, लावणीची मजुरी हे सगळं गेलेलंच असतं, ते काही केल्या परत येत नाही. पुढचा हिशेब फक्त काढणी, कापणी, गोण्या, गाडीभाडं, हमाली, तोलाई यांचा. भाव त्याच्याही खाली असेल तर बाजारात नेणं म्हणजे पदरचे घालणं. माझ्या चुलत्यांनी एकदा नांगर घालायच्या आधी दोन दिवस हा हिशेब पाटीवर मांडला होता, काकीसमोर. अर्थशास्त्राचं पुस्तक त्यांनी कधी हातात धरलेलं नाही.

पेठकर | मंगळवार, रात्री ८.४५

+१. पाटी डोळ्यांसमोर आली.

जुनी_ॲक्टिव्हा | बुधवार, सकाळी १०.००

मेस नको असेल तर दुसरा विषय सुचवते: पुण्यातल्या जुन्या दुचाकींचा बाजार. जाहिराती वाच. "एकहाती, लेडीज यूज्ड." "डॉक्टरांची गाडी." हे का लिहितात? गाडीची खरी अवस्था विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. घेणारा घाबरून कमी भाव लावतो, मग चांगली गाडी असलेला म्हणतो एवढ्यात कशाला विकू, आणि बाजारात खटाराच जास्त उरतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांचा १९७० चा लेख नेमका जुन्या गाड्यांवरच आहे, २००१ मध्ये त्यांना स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

पण तिथेच थांबलीस तर परत तोच शेरा येईल. बाजार अजून बंद का पडला नाही ते शोध. मी गाडी घेतली तेव्हा ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर नेलं. त्याने गाडी सुरू करायच्या आधी इंजिनाला हात लावून बघितला, गरम आहे का. गरम होती. म्हणजे आम्ही यायच्या आधी चालवून ठेवली होती, थंड असताना उचलत नाही हे कळू नये म्हणून. आम्ही तसेच परत आलो. ज्ञानातली तफावत भरून काढायला पुणेकर काय काय करतात, याचीच आठशे शब्दांची यादी होईल.

अभ्यासिकेतला | बुधवार, रात्री ११.३०

उशिरा लिहितोय. विषय जवळचा आहे.

मी स्पर्धा परीक्षांसाठी पेठेत पाच वर्षं काढली. संधी खर्च, म्हणजे एक निवडलं म्हणून जे हातचं सोडलं त्याची किंमत, पुस्तकात एका परिच्छेदात संपतो. माझ्या बाबतीत तो गावाकडच्या मित्राच्या दुकानाएवढा होता. मी पुण्याला आलो त्याच वर्षी त्याने मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं. अभ्यासिकेची फी, मेस, कॉट, हा खर्च वडिलांना दर महिन्याला दिसायचा. मी त्या महिन्यात जे कमावलं नाही ते कुणालाच दिसत नव्हतं. दिवाळीत त्याच्या दुकानावर बसलो की मला तेवढं दिसायचं.

चौथ्या प्रयत्नाला सगळे म्हणाले, एवढी वर्षं घातलीस, आता सोडू नकोस. पुस्तक म्हणतं बुडीत खर्च, म्हणजे जो परत येणारच नाही तो, विसरा. दोन्ही मला अपुरं वाटलं. पैसा आणि वर्षं गेली ती गेली, पण दोनदा मुख्य परीक्षा दिल्याने मी कुठे कमी पडतो ते मला आता कळलं होतं. ते बुडालेलं नव्हतं. गेलेला खर्च एका बाजूला आणि त्यातून मिळालेली माहिती दुसऱ्या बाजूला, असं वेगळं करून बघायला मला सहा महिने लागले. मग एक शेवटचा प्रयत्न ठरवला, तारीख घालून. नाही झालं. आता तालुक्याच्या गावी शिकवतो, बरं चाललंय.

झुळूक, तुझ्या मेसमध्ये असे दहा जण जेवत असतील. पण त्यांच्यावर लिहिणार असशील तर आधी त्यांच्याशी बोल. कोष्टक काढू नकोस.

नदीकाठ | गुरुवार, सकाळी ७.५०

दादा, हे शांतपणे लिहिलंत. धन्यवाद.

दप्तरखाना | गुरुवार, दुपारी ४.३०

या धाग्यात जे चाललंय ते पुण्याला नवीन नाही, म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. १८९२ साली न्यायमूर्ती रानडे यांनी डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्लंडात रचलेले नियम सगळ्या देशांना सगळ्या काळी सारखे लागू पडतात हे त्यांना मान्य नव्हतं. नियम कोणत्या गृहीतकांवर उभा आहे आणि ती गृहीतकं इथे आहेत का, हे आधी बघा, असा त्यांचा रोख होता. आणि १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाल्यावर धनंजयराव गाडगीळ यांनी तर पुणे शहराची कुटुंबवार पाहणीच केली. तिचा पहिला भाग १९४५ ला आला, दुसरा १९५२ ला. कोण काय काम करतो, काय मिळवतो, हे दारोदार जाऊन विचारलेलं आहे.

तेव्हा झुळूक, वही घे आणि दारात बस. या शहरात त्याची परंपरा आहे.

थांबा_क्र_१२ | गुरुवार, रात्री ९.१५

बसवरही बघता येईल. जून २०२५ मध्ये पीएमपीचं तिकीट वाढलं तेव्हा "मागणीची लवचिकता", म्हणजे दर वाढला की मागणी किती घटते, असा एकच आकडा काढायला जाऊ नये. ज्याच्या घरी दुचाकी आहे तो उतरून गाडीवर बसतो, जिच्याकडे नाही ती तेवढेच पैसे मोजते आणि दुसरीकडे कुठेतरी काटकसर करते. मेट्रोचंही तसंच. वनाज स्टेशनाजवळ राहणाऱ्याला मेट्रो ही बसची पर्यायी वस्तू. स्टेशनापासून लांब राहणाऱ्याला स्टेशनपर्यंत बस लागतेच, म्हणजे त्याला पूरक. वस्तू त्याच, नातं घराच्या पत्त्यावर ठरतं.

झुळूक_०७ | शनिवार, रात्री १०.५०

सगळ्यांचे खूप खूप आभार. इतके दिवस लिहिलं नाही कारण मोजत होते.

मंगळवारी आमच्या मेसच्या काकूंना विचारलं, रात्री दाराशी बसून मोजू का? त्या आधी हसल्या, मग स्टूल दिलं. मेंबर ४८. रात्री जेवायला आले: मंगळवार ४१, बुधवार ४३, गुरुवार ३७ (उपास), शुक्रवार ३५, आज २४. वाटीत काठोकाठ पाणी भरून खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजलं, १४० मिली. आधीची केवढी होती ते काकू सांगेनात, पण दोन गोष्टी सांगितल्या: पूर्वी दुसरी भाजी रोज असायची, आता मंगळवारी आणि शुक्रवारी नसते; आणि ताक बंद केलंय. मी इथे पाच महिने जेवतेय आणि ताक कधी बंद झालं ते मला आठवत नाही!

नवी सुरुवात अशी केलीय: "आमच्या मेसचा दर जूनपासून बदललेला नाही. या काळात काकूंचा खर्च वाढला. तो वाढलेला खर्च कुठे गेला हे शोधायला मी पाच रात्री दाराशी बसले." पुढे स्थिर खर्च, बदलता खर्च, खाड्याचा नियम, आणि शेवटी काकूंचे तास. पहाटे साडेपाच ते रात्री साडेदहा, दुपारी दोन तास सुट्टी. म्हणजे पंधरा.

शनिवारी २४ आले म्हणजे मागणी निम्मी झाली, असं लिहू ना?

खडूफळा | रविवार, सकाळी ८.००

शाब्बास. पण ते शेवटचं वाक्य लिहू नकोस. पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच देऊन झालेत. मागणी आहे ती मेंबर होण्याची, आणि ती ४८ च आहे. शनिवारी घटला तो वापर. हा फरक तू स्वतः मांडलास तर मॅडम खूश होतील, कारण बऱ्याच मोठ्या माणसांना तो सांगता येत नाही. आणि स्पष्ट लिही की मोजणी पाचच रात्रींची आहे, परीक्षेच्या आठवड्यात वेगळं दिसेल.

रोखपाल | रविवार, सकाळी ९.२०

बँकेत नोकरी झाली माझी. सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागायला येत नाहीत, त्यावर बँक चालते. इथे ४८ पैकी ४८ कधीच येत नाहीत, त्यावर मेस चालते. काकूंना विचार, कधी सगळेच्या सगळे आले होते का, आणि त्या रात्री काय झालं.

झुळूक_०७ | रविवार, दुपारी २.४०

विचारलं! गणपतीच्या आधी एकदा सगळे आले होते. काकूंनी शेजारच्या मेसमधून तीस पोळ्या आणल्या, आणि त्यांच्याकडे कमी पडतात तेव्हा या देतात. ज्यांना मी "स्पर्धक" लिहिलं होतं त्या! आता तो परिच्छेद बदलावा लागणार.

चुलीपाशी | रविवार, दुपारी ४.१५

आम्हीही द्यायचो गं एकमेकींना. पोळ्यांचे पैसे नाही घ्यायचे, पोळ्याच परत द्यायच्या.

बुधवारी वर्गात दाखवायचं असेल तर माझ्याकडे जुनी वाटी आणि नवी वाटी दोन्ही अजून आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, पत्ता देते. येताना जेवायलाच ये.